एका कान्याचा फरक

एन्झाइमला मराठी शास्त्रपुस्तकांत ‘विकर’ म्हणतात. त्यातल्या ‘क’ला काना दिला की झाला विकार! मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचंही थोडंफार असंच. विकरं घरचीच, फक्त हाताबाहेर गेलेली.

या आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. त्यासाठी पेशींना ‘वाढा’ आणि ‘पुरे’ सांगणारं कुणीतरी लागतं. के-रास नावाचं विकर ‘वाढा’ म्हणतं आणि मग स्वतःच स्वतःला बंद करतं. या कॅन्सरच्या सुमारे 40 टक्के गाठींत त्याचं जनुक बिघडलेलं असतं. दारावरच्या बेलचं बटण आत रुतून बसावं, तसं.

कॉक्स-2 हे दुसरं विकर तुमच्या सुजलेल्या गुडघ्याला चांगलं ठाऊक आहे. निरोगी आतड्यात ते जेमतेम असतं. 1994 मध्ये अमेरिकी संशोधकांना ते बहुतेक गाठींत भरपूर सापडलं. त्याच्यामुळे तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनच्या जिवावर पेशी फोफावतात, मरायचं टाळतात, वर नव्या रक्तवाहिन्याही ओढून घेतात. आणि याला आवरतं कोण? साधी अ‍ॅस्पिरिन! ती नेमकं काय करते हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. लिंच सिंड्रोमचा आनुवंशिक धोका असलेल्यांना साधारण दोन वर्षं रोज 600 मिलिग्रॅम दिल्यावर पुढे त्यांच्यात हा कॅन्सर कमी आढळला. पण लगेच औषधांचा डबा उघडू नका, पोटात रक्तस्राव करण्यातही ही गोळी तरबेज आहे. फक्त कॉक्स-2ला धरणाऱ्या व्हायॉक्सची तर फजितीच झाली. ते आतड्यातले पॉलिप रोखतं का, हे बघताना हृदयविकाराचा वाढलेला धोका दिसला आणि 2004 मध्ये औषध बाजारातून गेलं.

या कॅन्सरवरची काही औषधं विकरांना चक्क गंडवतात. 1957 सालचं फाइव्ह-एफयू म्हणजे युरॅसिलला चिकटवलेला फ्लोरिनचा एक अणू. डीएनएसाठी थायमिनची सोय करणारं विकर हा बनावट माल पकडतं आणि त्यातच अडकतं.

इरिनोटेकन या दुसऱ्या औषधाची कथा मात्र उलटी. काम झालेल्या औषधाला यकृत कुलूप लावून आतड्यात पाठवतं. तिथले जिवाणू आपल्या विकराने ते कुलूप तोडतात, औषध पुन्हा जागं होतं आणि बिचाऱ्या रुग्णाला जुलाब.