कॉल कुठून करायचा? अंधेरीतल्या पंचवीस वर्षांचा मागोवा

2002-03 च्या सुमारास सीप्झमध्ये किंवा मरोळच्या एमआयडीसीत जावाच्या प्रोजेक्टवर रुजू झालेल्या पोराच्या हातात आधी एक लांबलचक एक्सएमएल फाइल पडायची. तो काळ स्ट्रट्सचा. ब्राउझरकडून अमुक पत्ता आला की तमुक क्लास चालवायचा, ही सगळी जंत्री त्या फाइलीत असे. त्या क्लासमधली मेथड आपण लिहायची, पण कॉल करणार फ्रेमवर्क. आपण लिहिलेलं आपण चालवायचं नाही, हे पचायला घाटकोपरहून 340 नंबरच्या बसने लोंबकळत येणाऱ्या त्या पोराला काही दिवस जात.

त्याआधी कॉल कोणी करायचा हा प्रश्नच नव्हता. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. उपनगरांत तेव्हा इंटरनेट ओळखीचं असलेली ठिकाणं थोडी: पवईचं आयआयटी आणि जुहूचं एनसीएसटी, जे पुढे कित्येक वर्षं देशाच्या 'डॉट इन' नावांची नोंदणी सांभाळत होतं. वेबसाठी कोड म्हणजे पर्लमधली सीजीआय स्क्रिप्ट, नाहीतर एएसपीचं पान. वर एक फाइल इन्क्लूड करायची आणि तिच्यातलं फंक्शन नावाने कॉल करायचं. मामला संपला.

प्रोजेक्ट वाढले तसा घोळ सुरू झाला. ईजेबीच्या (एंटरप्राइज जावाबीन्सच्या) जमान्यात एखादी सेवा हवी असली तर तिचं नाव अवतरणात लिहून सर्व्हरकडे शोधायची. 'सर्व्हिस लोकेटर' नावाचा एक क्लास प्रत्येक टीम स्वतःचा बनवायची आणि मग सगळा कोड त्याच्याकडे हात पसरायचा. नावातलं एक अक्षर चुकलं तरी कंपायलर ब्र काढत नसे. चूक कळायची ती कोड चालवल्यावर, तिकडे क्लायंटच्या दिवसात आणि आपल्या रात्रीत.

जानेवारी 2004 मध्ये मार्टिन फाउलरने डिपेंडन्सी इन्जेक्शनवर लेख लिहिला आणि मार्चमध्ये स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची 1.0 आवृत्ती आली. म्हणणं साधं होतं. क्लासने आपल्याला लागणाऱ्या गोष्टी शोधत हिंडू नये. काय हवं ते त्याने कंस्ट्रक्टरमध्ये जाहीर करावं, आणून देणं फ्रेमवर्कचं काम. फाउलरने तेव्हा लोकेटरला सरसकट मोडीत काढलं नव्हतं. ते काम नंतर मुलाखती घेणाऱ्यांनी केलं. सूत्रं अशी फ्रेमवर्कच्या हाती देण्याला इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल, म्हणजे आयओसी म्हणतात. 'आयओसी म्हणजे काय?' हा प्रश्न अंधेरीत इतक्या वेळा विचारला गेला असेल की त्याचं पाठ केलेलं उत्तर रिक्षावाल्यांनाही येत असावं.

बोरिवली, मालाड, घाटकोपरच्या गाळ्यांमध्ये मात्र वेगळीच दुनिया नांदत होती. पाच-सात माणसांचं ऑफिस, ज्वेलर्स आणि टूर कंपन्यांच्या वेबसाइट, भाषा पीएचपी. 2006 साली कोडइग्नायटर आलं आणि या मंडळींनी ते उचललं. त्यात सगळं एका मोठ्या ऑब्जेक्टला लटकवलेलं. कुठूनही 'गेट इन्स्टन्स' म्हणायचं आणि डेटाबेस, सेशन, हवं ते उपसायचं. शुक्रवारी काम मिळालं तर सोमवारी साइट उभी.

मग 2011 मध्ये टेलर ऑटवेलचं लारावेल आलं. कॅश हवा? क्लासचं नाव, दोन कोलन, मेथडचं नाव, झालं. (ते दोन कोलन चुकले की पीएचपी पडद्यावर 'पामायिम नेकुदोतायिम' असा हिब्रू शब्द फेकायची आणि नवखा माणूस आपल्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला असं समजायचा.) सुरुवातीच्या लारावेलमध्ये हे कॉल खरोखरच स्टॅटिक होते. 2013 च्या चौथ्या आवृत्तीत आतलं यंत्र बदललं: बाहेरून कॉल तसाच, आत मात्र तो फ्रेमवर्कने कंटेनरमध्ये सांभाळलेल्या खऱ्या ऑब्जेक्टकडे वळवलेला. याला त्यांनी फसाड म्हटलं. 2015 च्या पाचव्या आवृत्तीत कंट्रोलरच्या मेथडमध्येही इन्जेक्शन मिळू लागलं. पुढे साधी हेल्पर फंक्शनं वाढली. एकाच कॅशकडे जायला तीन वाटा झाल्या आणि प्रत्येक ऑफिसात वादाला तोंड फुटलं.

या वादात 'इन्जेक्शनने टेस्टिंग सोपं होतं' हा मुद्दा फार ताणला गेला, असं माझं मत. लारावेलचे फसाड टेस्टमध्ये सहज बदलता येतात आणि गाळ्यांतल्या किती ऑफिसांत टेस्ट लिहिल्या जात होत्या, ते विचारू नये. खरा फरक दिसतो तो वाचताना. कंस्ट्रक्टर हे क्लासचं रेशनकार्ड: घरात खाणारी तोंडं किती, ते पहिल्याच पानावर. तिथे नऊ नावं दिसली की क्लास भलताच फुगलाय हे कळतं. फसाड वापरले तर तीच नऊ नावं आठशे ओळींत विखुरतात. हा धोका लारावेलच्या स्वतःच्या दस्तऐवजातही लिहिलेला आहे. वाचतो कोण, हा भाग वेगळा.

उपनगरांत याला जास्त वजन आहे, कारण इथे कोड लिहिणारा आणि दुरुस्त करणारा एकच माणूस क्वचित असतो. दोन वर्षांत माणूस मालाडच्या माइंडस्पेसमध्ये, तिथून ऐरोलीला, नाहीतर थेट पुण्याला. मागे राहते ती घाईत उरकलेली नॉलेज ट्रान्सफर. पण म्हणून चार पानांच्या साइटला कंस्ट्रक्टर आणि इंटरफेसांचा डोलारा चढवणंही मला पटत नाही. सीप्झमधून गाळ्यात आलेले काही जण तेच करत आणि ज्वेलरची साइट दिवाळी उलटून गेल्यावर उभी राहायची.

मोठ्या कंपन्यांतही सगळे सोवळे नव्हते. स्प्रिंगमध्ये 2007 पासून फील्डच्या डोक्यावर 'ऑटोवायर्ड' एवढं लिहिलं की भागायचं. कंस्ट्रक्टर गेला आणि त्याच्याबरोबर ते रेशनकार्डही. अ ला ब हवा, ब ला अ हवा, अशी चक्रं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली. नोव्हेंबर 2021 च्या स्प्रिंग बूट 2.6 ने ती डिफॉल्टने बंद केली आणि आवृत्ती वाढवल्याबरोबर अनेकांची अ‍ॅप्लिकेशन सुरूच होईनात. बऱ्याच जणांनी सेटिंग उलटं फिरवून चक्रं परत चालू केली.

त्याच सुमारास ब्राउझरच्या बाजूचं फ्रेमवर्क अँग्युलर नेमकं उलट्या दिशेला निघालं. 2016 पासून तिथे कंस्ट्रक्टर हाच राजमार्ग होता. जून 2022 च्या चौदाव्या आवृत्तीत 'इन्जेक्ट' हे फंक्शन क्लासमध्ये थेट फील्डपाशी कॉल करता येऊ लागलं आणि आता अँग्युलरची मार्गदर्शिका त्यालाच पसंती देते. अंधेरीतल्या कित्येक प्रोजेक्टांत मागे स्प्रिंग आणि पुढे अँग्युलर असतं. त्यामुळे एकाच टीममध्ये, एकाच टेबलाशी, सकाळच्या कोड रिव्ह्यूत फील्डवर इन्जेक्ट केलं म्हणून एकाला परत पाठवतात, आणि दुपारच्या रिव्ह्यूत केलं नाही म्हणून दुसऱ्याला.