दाराची गिटार

*जुनं घर पाडलं, सागवानी दार अंगणात पडून होतं. चुलीत जाण्याआधी ते मी मागून घेतलं आणि सात महिन्यांत त्याची गिटार केली. दोनदा फसलो, त्याचीही ही गोष्ट.*

तर झालं असं की, मागच्या उन्हाळ्यात आमचं देऊळगाव राजातलं जुनं धाब्याचं घर पाडलं. स्लॅबचं बांधायचं होतं. लाकूड अंगणात रचलं गेलं आणि भंगारवाला भाव करायला आला. पपांचा हिशेब साधा होता, लाकूड विकून खिडक्यांच्या ग्रिलचे पैसे निघतील. मी म्हटलं, मला फक्त माजघराचं दार ठेवा.

‘काय करतू त्याचं?’

‘गिटार.’

पपा काहीच बोलले नाहीत. पण ते दार विकलंही नाही.

खरं कारण सांगू? बरी गिटार घ्यायची तर सात-आठ हजार लागतात आणि घर बांधायला काढलेलं असताना घरात तो विषय काढायची माझी हिंमत नव्हती. दरवर्षी बालाजी महाराजांच्या यात्रेत लाटांचा मंडप उभा राहताना बघत मोठा झालोय. लाकडाशी माझा संबंध म्हणाल तर तेवढाच. रंधा कधी हातात धरला नव्हता.

खिळे आणि चुंबक

पहिला धडा सॉ मिलवर मिळाला. दार बघताच मालक म्हणाला, ‘जुनं लाकूड? खिळा लागला तर माझं पातं जाईल.’ परत आलो. जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं, दारावर इंच इंच फिरवलं. चौदा खिळे निघाले, त्यातले तीन तर लाकडाच्या आत मोडून बसलेले. ते उपटले तेव्हा कुठे चार-पाच मिलीमीटरच्या फळ्या कापून मिळाल्या. पुढचं काम रंधा आणि पॉलिश पेपरचं. बाजूच्या पट्ट्या दोन मिलीमीटरवर आणायला मला पंधरा दिवस लागले.

त्या वाकवायच्या कशा? ओल्या करून, तापलेल्या लोखंडी पाइपवर हळूहळू दाबत. लाकडाचे धागे धरून ठेवणारं लिग्निन उष्णतेनं मऊ होतं आणि गार झालं की नव्या आकारात घट्ट होतं. वाचायला सोपं आहे! माझ्या तीन पट्ट्या कटकन मोडल्या. गल्लीतले सुतारकाका ओट्यावरून बघत होते. म्हणाले, ‘लेका, तू त्याला वाकवू राह्यला. त्याला वाकू दे ना.’ चौथी पट्टी वाकली.

सगळा खेळ वरच्या फळीचा

गिटारीच्या कुठल्या भागातून आवाज येतो? मला वाटायचं, सगळ्या खोक्यातून. स्पेनच्या अंतोनियो द तोरेस या कारागिरानं १८६२ मध्ये एक गिटार बनवली. तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या, फक्त वरची फळी चांगल्या लाकडाची. त्याला हेच दाखवायचं होतं, की आवाज मुख्यतः वरच्या फळीचा असतो. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

म्हणजे सागाचं दार पाठीला आणि बाजूला चालेल. पण वरची फळी हलकी आणि ताठ हवी. ती मिळाली जालन्यात, यंत्रांच्या पॅकिंगच्या पाइनच्या खोक्यांत. गाठी नसलेल्या आणि कडेवर उभ्या, दाट रेषा दिसणाऱ्या पाच पट्ट्या निवडल्या, शेजारी शेजारी चिकटवल्या आणि पावणेतीन मिलीमीटरपर्यंत तासल्या. आतून तोरेसच्या पद्धतीनं पंख्यासारख्या बारीक पट्ट्या लावल्या. त्याच्या सात असायच्या, मी पाचच लावल्या. क्लॅम्प परवडत नव्हते म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूब कापून सगळं आवळून बांधलं.

टाकाऊ लाकूड वापरणारा मी काही पहिला नाही. अमेरिकेत बॉब टेलरनं १९९५ मध्ये माल वाहायच्या जुन्या पॅलेटच्या लाकडातून गिटार बनवून दाखवली. ‘क्वीन’ बँडच्या ब्रायन मेनं १९६३ मध्ये वडिलांसोबत स्वतःची इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली, तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आहे. त्यातली किड्यांनी केलेली भोकं त्यानं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली होती. हे वाचलं तेव्हा माझ्या चौदा भोकांचं टेन्शनच गेलं.

पहिली चूक: अर्धा मिलीमीटर

मानेवर फ्रेट कुठे बसवायचे, याचं गणित आहे. तारेची लांबी ६५० मिलीमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागायचं. येतात ३६.४८. तिथे पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागायचं, की दुसरा. असं करत बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर, ३२५ वर येतो.

गणित बरोबर होतं, माप चुकलं. मी प्रत्येक फ्रेट आधीच्या फ्रेटपासून मोजला. दरवेळी अर्धा मिलीमीटर सरकला तरी बाराव्यापर्यंत सहा मिलीमीटर होतात. बारावा दाबला तर वरचा सा लागायला हवा, लागला भलताच. जुन्या पलंगाची शिसवी पट्टी त्यात वाया गेली. दुसऱ्या पट्टीवर सगळी मापं एकाच टोकापासून घेतली.

दुसरी चूक: रात्री पावणेदोन

स्टीलच्या सहा तारा चढवल्या. वाजली! सगळ्यांना ऐकवली, भिंतीला टेकवली आणि झोपलो. रात्री पावणेदोनला गोळी सुटल्यासारखा आवाज. आई दचकून उठली, पपा बॅटरी घेऊन धावले. गिटारीची घोडी तारांसकट उखडून पलंगाखाली पडली होती.

स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण सत्तर किलोंचा ताण देतात. मी आधी फळीला पॉलिश मारलं होतं आणि घोडी त्या पॉलिशवर चिकटवली होती. गोंद लाकडाला धरतो, पॉलिशला नाही. बरं, मानेत लोखंडी सळईही नव्हती, तीही किंचित वाकली होती.

दोन आठवडे मी गिटारीकडे बघितलंही नाही. एका संध्याकाळी कॉलेजातून आलो, तर पपा ओट्यावर बसून घोडीच्या जागेचं पॉलिश हलक्या हातानं खरवडत होते. मला बघून म्हणाले, ‘लाकूड दिसेपर्यंत काढायचं ना?’

मग मी नायलॉनच्या तारा लावल्या. त्यांचा ताण साधारण चाळीस किलो. मान आता टिकून आहे.

आता कशी वाजते?

खरं सांगायचं तर मित्राची दुकानातली गिटार जास्त मोठ्यानं वाजते. माझ्या तिसऱ्या तारेला थोडी झणझण आहे. आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिथले कारागीर घोडी घासून घासून, कष्टानं जवारी काढतात. मला ती नको असताना फुकट मिळाली आहे! एकदा मिरजेला जाऊन त्यांचं काम बघायचंय.

पाठीवर खिळ्यांची भोकं दिसतात. तेरा बुजवली. चौदावं पपांनी बुजवू दिलं नाही. त्या खिळ्याला त्यांचे वडील कंदील अडकवायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्हालाही करायचीय?

• खिळे आधी शोधा, चुंबकानं. जुनं लाकूड घासताना तोंडावर मास्क हवाच.

• सागाला तेल असतं. चिकटवण्याआधी थिनरनं पुसा, नाहीतर जोड सुटतो.

• फ्रेटचं प्रत्येक माप एकाच टोकापासून घ्या.

• पहिल्या गिटारीला नायलॉनच्या ताराच लावा.

• चाव्या, फ्रेट वायर आणि तारा विकत घ्या. माझे त्यावर बाराशे रुपये गेले. बाकी सामान कुणाच्या तरी अंगणात पडलेलं असतं, विचारून बघा.