सुशी खा, पण कच्ची नको

जपानशी आपले नाते धम्माचे. भदंत सुरई ससाई जपानहून आले आणि नागपूरचेच झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार नोरिको ओगावा यांच्या मदतीने १९९९ साली उभे राहिले. आता जपानचे जेवणही आपल्या घरांपर्यंत पोचले आहे. पुसद, दारव्हा, वणीची मुलेमुली पुण्यात, हैदराबादेत नोकरीला लागतात, मित्रांसोबत सुशी खातात आणि फोटो घरी पाठवतात. 'कच्ची मासोळी खाल्ली का गं?' ही आईची पहिली शंका असते. शंका रास्त आहे. उत्तर मात्र समजून घ्यायला हवे.

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला चिकट भात म्हणजे सुशी. पूर्वी भातशेती करणारे लोक मासा टिकवण्यासाठी त्याला मीठ लावून भातात दाबून आंबवत आणि भात फेकून देत. त्यातून पुढे आजची सुशी घडत गेली. आपल्या आज्या मांसाच्या चान्या उन्हात वाळवत, पावसाळ्यासाठी सुकट भरून ठेवत, त्यामागेही हीच गरज होती. तो पदार्थ आज मोठ्या हॉटेलांत मानाने खाल्ला जातो, मग आपल्या चान्यांची लाज कशाला?

रोलला जपानीत 'माकी' म्हणतात. 'नोरी' म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. त्यावर भात पसरून मधे सारण ठेवतात, बांबूच्या चटईने गुंडाळी करतात आणि सहा-आठ तुकडे कापतात. काप्पामाकीत फक्त काकडी असते, तेक्कामाकीत कच्चा ट्यूना. जाड फुतोमाकीत भाज्या आणि अंड्याची पोळी असते. कॅलिफोर्निया रोलमध्ये भात बाहेरून असतो, आत काकडी, अ‍ॅव्होकाडो आणि 'खेकडा' म्हणून मिळणारी काडी. ही काडी बहुतेक वेळा पांढऱ्या माशाच्या शिजवलेल्या लगद्याची असते. इनारीत टोफूची तळलेली पिशवी भाताने भरतात. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, आणि सोयाबीन तर आपल्याच वावरात पिकते.

आता धोक्याचे. कच्च्या समुद्री माशात अनिसाकिस नावाची अळी असू शकते. म्हणून कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवतात. घरच्या फ्रिजवर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. लिंबू किंवा व्हिनेगरने अळी मरत नाही. इसापूर, अरुणावती, बेंबळा या धरणांतले रोहू, कटला, मरळ तर कधीच कच्चे खाऊ नयेत. गोड्या पाण्यातल्या माशांतून, विशेषतः मरळीतून, शरीरात फिरणाऱ्या अळ्या जाऊ शकतात.

आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विदर्भात आदिवासींप्रमाणे बौद्ध कुटुंबांतही सिकलसेल आहे. रक्तातले जंतू गाळण्याचे काम प्लीहा करते. एसएस रुग्णाची प्लीहा लहानपणापासूनच निकामी होत जाते. अशा वेळी कच्च्या मांसामाशातला, कच्च्या अंड्यातला साल्मोनेला जंतू थेट हाडापर्यंत पोचू शकतो. म्हणून एसएस रुग्णाने कच्चा मासा आणि कच्च्या अंड्याचे मेयोनीज टाळावे. गरोदर बायांनीही टाळावे. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना प्लीहेचा हा धोका सहसा नसतो. आपण एसएस की एएस, हे माहीत नसेल तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.

सोया सॉसही जपून घ्यावा. एका मोठ्या चमच्यात साधारण दोन ग्रॅमहून जास्त मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. रक्तदाब असलेल्यांनी तो थेंबाथेंबाने घ्यावा. सिकलसेलच्या रुग्णाने तर भरपूर पाणी प्यावे, कारण शरीरातले पाणी कमी झाले की दुखणे उठते. मधुमेह असेल तर एका रोलमध्ये साधारण वाटीभर साखर लावलेला पांढरा भात असतो, हे लक्षात ठेवा.

मुलांनी हट्ट धरला तर रोल घरीही होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी तांदूळ थोडे जास्त पाणी घालून मऊ शिजवा. कोमट असतानाच त्याला व्हिनेगर, चिमूटभर मीठ आणि थोडी साखर लावा. नोरी नसेल तर अंड्याची पातळ पोळी किंवा वाफवलेले कोबीचे पान घ्या. आत काकडी, गाजर, उकडलेले अंडे किंवा काटे काढलेला, पूर्ण शिजलेला मासा भरा. मासा पांढरा होऊन पाकळ्या सुटल्या की शिजला समजा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात केलेला रोल तासाभरात संपवा, ठेवून खाऊ नका.

हॉटेलात बसलेल्या मुलांनी एवढेच विचारायचे: 'यात कच्चे काय आहे?' नीट उत्तर मिळाले नाही, तर काकडीचा रोल मागवावा.