भट्टीपाशी बदली माणूस हवा
(लेखमाला : कारखान्याच्या आत)

वांगणीहून पहाटेची लोकल धरून बदलापूर-अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्यांसाठी ही लेखमाला आहे. मागच्या भागात पगारपावती पाहिली. आज कारखान्यातल्या सोयी पाहू. उदाहरण काच कारखान्याचे घेतो, कारण पाणी आणि विसावा यांची खरी किंमत भट्टीसमोर कळते.

वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवायला सुमारे 1500 अंश सेल्सिअस तापमान लागते. भट्टी एकदा पेटली की विझवत नाहीत. आत काच थिजली तर भट्टीचेच नुकसान होते. म्हणून काम रात्रंदिवस पाळ्यांत चालते. महाराष्ट्राला हे काम जुनेच. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना 1908 मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला. कराडजवळ 1916 मध्ये ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला.

काच तोंडाने फुंकायची तर नळी लागते. एकच नळी अनेकांच्या तोंडी गेली की रोगही जातो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या काच कामगारांत उपदंश असाच पसरला होता. म्हणूनच आपल्याकडच्या कारखाना नियमांत प्रत्येक फुंकणाऱ्याला स्वतःच्या खुणेची वेगळी नळी आणि ती निर्जंतुक करण्याची सोय द्यायला सांगितले आहे. कल्याणकारी सोय म्हणजे मालकाचा उपकार नव्हे, हे या एका तरतुदीवरून पटावे.

1948 च्या कारखाना अधिनियमात बाकीच्या सोयी होत्या: हातपाय धुण्याची जागा, बसायला आसन, दर 150 कामगारांमागे प्रथमोपचार पेटी. पिण्याचे पाणी शौचालयापासून किमान 6 मीटर दूर ठेवावे लागे. 150 हून अधिक कामगार असतील तर विश्रांतीची व जेवणाची खोली, 250 हून अधिक असतील तर उपाहारगृह आणि उन्हाळ्यात गार पाणी द्यावे लागे. अडचण या आकड्यांतच होती. लहान कारखाना त्यांच्या खालीच राही, पण तिथली भट्टी काही कमी तापत नसे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाच्या जागी लागू झालेल्या नव्या कामगार संहितेने उपाहारगृहाची मर्यादा 100 वर आणली आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले. हा बदल चांगला आहे.

तरीही खोली बांधली म्हणजे विसावा मिळाला असे होत नाही. जुन्या कायद्याने सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी हवी, असे ठरवले. पण न थांबणाऱ्या भट्टीवरून माणूस उठला, तर त्याच्या जागी उभे कोण राहणार? बदली कामगार नेमला नसेल तर तो डबा भट्टीजवळच उघडतो आणि विश्रांतीच्या खोलीला कुलूप राहते. माझ्या मते तपासणीत खोलीच्या आधी पाळीचा तक्ता पाहायला हवा. उष्णतेत दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे लागते; तेही जागा सोडता आली तरच. वर्षानुवर्षे भट्टीकडे पाहून मोतीबिंदू होतो, त्यासाठी योग्य चष्माही मालकानेच द्यायचा असतो.

तुमच्या पाळीत बदली माणूस नसेल, तर आधी संघटनेकडे किंवा व्यवस्थापनाकडे लेखी मागा. तरीही दाद लागली नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. पुढच्या आठवड्यात वाळूच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसबद्दल.