घर वाढवावे, पण आधी जुन्या भिंतीला विचारावे



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्यांवर लिहावे, घरावर कशाला, असे आपणास वाटेल. परंतु हंगाम संपून उसाचे बिल हातात आले की आपल्याकडे शेतीखालोखाल पैसा लागतो तो घराला. गटात फिरताना ओट्यावर बसलो की कोणीतरी विचारतोच, "साहेब, धाब्याशेजारी दोन खोल्या काढाव्या म्हणतो, कसं काय?" मी इंजिनिअर नाही, शेतकी पदविकेचा माणूस आहे. पण तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी वडिलार्जित घर दुरुस्त करून मागे दोन खोल्या वाढविल्या. त्यात जे चुकले ते लिहितो. कोणाचे चार पैसे वाचले, किंवा त्याहून मोठे काही वाचले, तर लिहिल्याचे सार्थक होईल.

आमचे घर तापीकाठच्या काळ्या जमिनीतले. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, वर धाबे. नव्या खोल्यांचा पाया तीन फूट खोदला. खाली सगळी काळीच माती होती. गावातले जुने गवंडी आबा म्हणाले होते, "भाऊ, पहिले पाया देखा, मंग भिंत उचला." पण पावसाळा तोंडावर आलेला. घाई केली. नवी विटांची भिंत जुन्या भिंतीत दात काढून गुंतविली.

दुसऱ्या पावसाळ्यात सांध्याला बोटभर भेग पडली. आम्ही ती सिमेंटने लिंपली. पुढे जुन्या भिंतीला पोट आले. एका रात्री वरून माती झडू लागली, तशी माय उठून ओट्यावर येऊन बसली. पहाटे भिंतीचा वरचा भाग तिच्या रिकाम्या खाटेवर आला. भेग आम्हाला महिनाभर सांगत होती; आम्ही ऐकले नाही.

१. काळी माती चालते-फिरते

हे आपणास मी सांगायला नको. उन्हाळ्यात शेतातल्या भेगांत हात जातो, पावसाळ्यात तीच माती फुगून भेगा मिटवते. घराखालची मातीही तीच आहे. जुने घर कित्येक वर्षांत आपल्या जागी बसलेले असते, नवे अजून बसायचे असते. दोघांना एकत्र बांधले की नवे खचताना जुन्याला ओढते. आमच्याकडे हेच झाले.

यावर उपाय असे आहेत. पाया काळ्या मातीत न थांबविता मुरमापर्यंत न्यावा. जमिनीत साधारण साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फुटांच्या आसपास, ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर बुंधा असलेले काँक्रीटचे खांब घालतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी ही पद्धत प्रचारात आणली. त्यासाठी जाणत्या इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. पायाचा खड्डा बुजविताना निघालेली काळी माती परत टाकू नये, मुरूम टाकून चोपावा.

जुने आणि नवे यांच्यामध्ये इंचभर फट सोडावी. नव्याचे वजन नव्याच्याच पायावर यावे, जुन्या भिंतीवर एक वीटही टेकू नये. फटीवर पत्र्याची पट्टी बसवून पाणी अडवावे. घराभोवती तीन-चार फूट फरशी उतार देऊन करावी. मोरीचे पाणी आणि पागोळ्या भिंतीच्या मुळाशी मुरू देऊ नयेत.

२. धाब्याचे ओझे मोजा

गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात धाब्यावर माती टाकायची आपली रीत. जुनी काढायची मात्र कोणी काढीत नाही. आमचे धाबे उकरले तेव्हा थर दीड फुटाचा निघाला. साधा हिशोब पाहा. दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीवर एक फूट माती असेल तर वजन सुमारे सात टन होते. म्हणजे उसाची भरलेली ट्रॉलीच डोक्यावर. पावसात भिजली की आणखी जड.

याचा परिणाम महाराष्ट्राने पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक झोपेत, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदाखाली गेली. भूकंपापेक्षा घराच्या वजनाने माणसे मारली, असे म्हटले तर चूक नाही. आपला सातपुडाही अगदी शांत नाही. १९३८ साली तेथे मोठा भूकंप झालेला आहे.

किल्लारीनंतर जुन्या घरांच्या मजबुतीसाठी जे उपाय सांगितले गेले ते आपल्यालाही लागू आहेत. धाब्याची माती उतरवून आठ इंचांच्या आत आणावी व गळती थांबविण्यासाठी थरात प्लॅस्टिकचा जाड कागद घालावा. खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरके आधार ठोकावेत. दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड बसवावेत. मातीच्या भिंतीवर थेट स्लॅब टाकण्याचा विचार तर मनातून काढून टाकावा.

३. स्लॅबला उसासारखेच पाणी लागते

आपल्याकडे बांधकाम नेमके एप्रिल-मेमध्ये निघते. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर आणि विहिरीला पाणी नाही. स्लॅब शक्यतो संध्याकाळी टाकावा. दुसऱ्या दिवसापासून मातीचे वाफे बांधून पाणी तुंबवावे. हल्ली बाजारात बहुतेक राखमिश्रित सिमेंट मिळते. त्याला किमान दहा दिवस ओल हवी, उन्हाळ्यात चौदा दिवस धरावे. उगवणीच्या वेळी पाण्याची पाळी चुकली तर ऊस विरळ होतो, पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. काँक्रीटचेही तसेच.

कालवताना मात्र पाणी कमी हवे. नेहमीच्या स्लॅबच्या मिश्रणात सिमेंटच्या एका पोत्याला ३० लिटरपेक्षा जास्त नको. ओतायला सोपे जाते म्हणून मजूर पाणी वाढवितात. तेथे स्वतः उभे राहावे. टेकू काढण्याची घाई करू नये. पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याला कमीत कमी ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस, आणि वीस फुटांपेक्षा लांब तुळईला २१ दिवस, असा नियम आहे.

४. खताचा पैसा सिमेंटात घालू नका

आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते. आमचा अंदाज चुकला, खर्च दीडपट झाला. जुने घर उघडल्यावरच कळते की कोणता सरा वाळवीने खाल्ला आहे. कमी पडलेले पैसे भावाने खोडव्याच्या खतातून काढले, आणि मी गप्प राहिलो. तुम्हा सर्वांना खोडव्याची डोस वेळेवर द्या म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या घरचाच खोडवा त्या वर्षी पिवळा पडला. घराने एकदाच खर्च मागितला, शेताने मात्र तो दोन हंगाम वसूल केला.

म्हणून नव्या कामाच्या अंदाजावर जुन्या घरासाठी निदान चौथा हिस्सा वेगळा राखून ठेवावा. खत, बेणे आणि पीककर्जाचा हप्ता बाजूला काढल्यावर जे उरेल त्यातच काम धरावे. कमी पडले तर एक खोली या वर्षी, दुसरी पुढच्या वर्षी.

५. कागद

थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी, नमुना ८ मध्ये वाढीव बांधकामाची नोंद करून घ्यावी. घर सामाईक असेल तर भावा-बहिणींची लेखी संमती आधी घ्यावी, भिंत उभी राहिल्यावर नव्हे.

आमची पडलेली भिंत आता पुन्हा उभी आहे. नव्या खोल्यांपासून इंचभर दूर, आणि वर धाब्याची माती निम्म्याहून कमी. माय पुन्हा त्याच खोलीत झोपते. पण पावसाची सर आली की माझी जाग मोडते. आपल्या घरी अशी भेग दिसली असेल तर ती लिंपू नका. आधी ती का पडली ते पाहा, आणि तोवर त्या भिंतीखालची खाट हलवा.

आपला,
ऊस विकास अधिकारी