निवडणुका, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील लोकप्रतिनिधींच्या निवडीची व्यवस्था. संघराज्यात घटकराज्याचा प्रमुख व संघीय वरिष्ठ सभागृहातील राज्याचे प्रतिनिधी कोणी निवडावयाचे, या प्रश्नाला भारताने दिलेल्या उत्तराचे परिणाम येथे विशेष स्पष्टपणे दिसतात. या प्रदेशातील मतदार आमदार व खासदार निवडतो. परंतु त्याच्या जमिनीविषयी व जंगलाविषयी विशेष घटनात्मक अधिकार असलेला राज्यपाल त्याच्या मताने ठरत नाही.

संघराज्यीय पार्श्वभूमी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक राज्याचा गव्हर्नर तेथील मतदारच निवडतात. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर पूर्वी राज्यांची विधिमंडळे निवडीत. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने त्यांचीही निवड थेट मतदारांकडे आली. भारताच्या संविधानसभेपुढेही निर्वाचित राज्यपालाची कल्पना होती. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४७ मध्ये प्रौढ मताधिकाराने राज्यपाल निवडावा, अशी शिफारस केली होती. मात्र जनतेने निवडलेला राज्यपाल आणि विधानसभेला जबाबदार असलेला मुख्यमंत्री ही दोन प्रतिस्पर्धी सत्ताकेंद्रे होतील, या भीतीने मे १९४९ अखेर संविधानसभेने नेमणुकीची पद्धत स्वीकारली. त्यानुसार अनुच्छेद १५५ अन्वये राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात.

राज्यसभेसाठी भारताने अप्रत्यक्ष निवडणूक पत्करली. महाराष्ट्राच्या १९ जागांसाठी विधानसभेचे २८८ निर्वाचित सदस्य एकल संक्रमणीय मतपद्धतीने मतदान करतात. २००३ पासून हे मतदान खुले असते आणि उमेदवार त्याच राज्याचा रहिवासी असण्याची अटही तेव्हापासून राहिलेली नाही. सहा जागांची निवडणूक असून सर्व सदस्यांनी मतदान केल्यास विजयासाठी ४२ मतांचा कोटा लागतो. चंद्रपूरचे सहा व गडचिरोलीचे तीन असे या दोन जिल्ह्यांचे मिळून नऊच आमदार आहेत; म्हणजे ते सर्व एकत्र आले, तरी कोट्याच्या चौथ्या हिश्शालाही पुरे पडत नाहीत.

मतदारसंघ : २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २००८ च्या पुनर्रचनेनंतर या प्रदेशात चंद्रपूर व गडचिरोली-चिमूर असे दोन लोकसभा मतदारसंघ आहेत. चंद्रपूर मतदारसंघात राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर व वरोरा यांबरोबर यवतमाळ जिल्ह्यातील वणी व आर्णी हे विधानसभा मतदारसंघ मोडतात. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात आरमोरी, गडचिरोली, अहेरी, ब्रह्मपुरी, चिमूर आणि गोंदिया जिल्ह्यातील आमगाव यांचा समावेश होतो. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३९ टक्के होते. आरमोरी, गडचिरोली व अहेरी ही जिल्ह्यातील तिन्ही विधानसभा क्षेत्रे त्यांच्यासाठी राखीव आहेत.

राजकीय इतिहास : पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९६२ मध्ये येथून लालश्यामशहा हे अपक्ष उमेदवार लोकसभेवर निवडून आले. परंतु आदिवासींच्या प्रश्नांवरून त्यांनी मुदतीपूर्वीच राजीनामा दिला. याच जिल्ह्यातील मारोतराव कन्नमवार १९६२-६३ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री होते. १९७७ मध्ये अहेरीच्या राजघराण्यातील राजे विश्वेश्वरराव आत्राम विजयी झाले, तर १९८० ते १९९६ या काळात काँग्रेसचे शांताराम पोटदुखे यांनी चंद्रपूरचे प्रतिनिधित्व केले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसला मिळालेली एकमेव जागा चंद्रपूरची होती. २०२४ मध्ये चंद्रपूरमधून प्रतिभा धानोरकर व गडचिरोली-चिमूरमधून नामदेव किरसान हे काँग्रेसचे उमेदवार विजयी झाले.

मतदानाची व्यवस्था : घनदाट अरण्य, पावसाळ्यात वाट अडविणारे नदीनाले, विखुरलेल्या वस्त्या आणि १९८० च्या सुमारास सुरू झालेली नक्षलवादी चळवळ यांमुळे येथील मतदान ही मोठी प्रशासकीय कसोटी ठरत आली आहे. माओवादी संघटना मतदानावर बहिष्काराचे आवाहन करीत. दुर्गम भागातील मतदान पथके हेलिकॉप्टरने नेली जातात व सुरक्षिततेसाठी काही केंद्रे मूळ गावापासून दूर हलविली जातात. अशा वेळी मतदारांना कित्येक किलोमीटर पायपीट करावी लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमगाव, आरमोरी, गडचिरोली व अहेरी या क्षेत्रांत मतदान सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंतच होते. पथकांना अंधारापूर्वी परतता यावे, हा त्यामागील हेतू. ११ एप्रिल २०१९ रोजी मतदानाच्या दिवशीच एटापल्ली तालुक्यातील वाघेझरी केंद्राजवळ स्फोट घडविण्यात आला. असे असूनही १९ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोली-चिमूरमध्ये सु. ७२ टक्के मतदान झाले व ते त्या निवडणुकीत राज्यात सर्वाधिक होते. २०१४ व २०१९ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत येथे वीस हजारांहून अधिक मतदारांनी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय निवडला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने सु. साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली.

सीमेवरील गावे : राजुरा तालुका पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला. त्यातून पुढे निर्माण झालेल्या जिवती तालुक्यातील चौदा गावांवर महाराष्ट्राप्रमाणेच पूर्वी आंध्र प्रदेशाने व पुढे तेलंगणानेही हक्क सांगितला. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर इ. गावांतील अनेकांकडे दोन्ही राज्यांची शिधापत्रिका व मतदार ओळखपत्रे आढळतात आणि त्यांनी दोन्हीकडच्या निवडणुकांत मतदान केलेले आहे. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा एका व्यक्तीस एकाच मतदारसंघात नावनोंदणीची मुभा देतो. तथापि दोन शासनांच्या योजनांचा लाभ मिळूनही जमिनीचे पट्टे न मिळालेल्या या ग्रामस्थांच्या दृष्टीने दुहेरी मत ही चैन नसून अनिश्चिततेची खूण आहे.

राज्यपालाचे विशेष अधिकार : गडचिरोलीचा मोठा भाग व चंद्रपूरमधील काही गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात मोडतात. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा या क्षेत्रास लागू होणार नाही किंवा फेरफारांसह लागू होईल, असे राज्यपाल अधिसूचनेद्वारे ठरवू शकतात. ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील काही पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी राखून ठेवण्यात आली. तिचे आदिवासींनी स्वागत केले, तर बिगर-आदिवासी समाजात असंतोष उमटला. मे २०२० च्या अधिसूचनेने वनहक्काचा दावा जिल्हा समितीने फेटाळल्यास विभागीय समितीकडे अपील करण्याची सोय झाली. विदर्भाच्या समतोल विकासाची विशेष जबाबदारीही अनुच्छेद ३७१ (२) अन्वये राज्यपालांकडे सोपविता येते. तीनुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. हे निर्णय आदिवासींच्या हिताचे असू शकतात, नसूही शकतात. परंतु ते घेणाऱ्यास या मतदारांपुढे पुन्हा उभे राहावे लागत नाही.

ग्रामसभा : ही उणीव काही अंशी ग्रामसभेने भरून काढली आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस गौण वनोपजाची मालकी व विकासयोजनांना मान्यता देण्याचा अधिकार दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा केली. या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेस बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार प्राप्त झाला. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घेण्याची प्रथा आहे. राज्यपाल नेमलेला व राज्यसभा सदस्य अप्रत्यक्षपणे निवडलेला अशा व्यवस्थेत मताधिकार केवळ पाच वर्षांतून एकदा बोटाला लागणाऱ्या शाईपुरता उरू नये, यासाठी या वनप्रदेशाने शोधलेला हा मार्ग होय. मात्र ग्रामसभेच्या ठरावांचा मान राखणे शासनयंत्रणेवर अवलंबून असल्याने त्याचे यश गावोगावी सारखे नाही.