सोनभद्रचा गुणाकार

फेब्रुवारी २०२० मध्ये बातमी आली: उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात सुमारे ३,३५० टन सोनं सापडलं! रिझर्व्ह बँकेच्या साठ्याच्या पाचपट. लगेच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने खुलासा केला. तिथला शोध १९९८ ते २००० या काळातला; खनिज ५२,८०६.२५ टन आणि टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं. गुणाकार केला की उरतं १६० किलो.

हाच गुणाकार उलटा केला असता, तर बातमी छापण्याआधीच शंका आली असती. याच प्रतीच्या दगडातून ३,३५० टन सोनं काढायचं तर ११० कोटी टन दगड लागेल. मोजलेल्या खनिजाच्या जवळपास २१,००० पट.

साठ्याचा अंदाज बांधायचं मूळ गणित शाळेतलंच आहे. समजा, गारेची एक शीर ५०० मीटर लांब, ४ मीटर जाड आणि २०० मीटर खोल गेली आहे. म्हणजे ४ लाख घनमीटर दगड. घनमीटरमागे २.७ टन धरले तर १०.८ लाख टन. टनात ३ ग्रॅम, म्हणजे पाव तोळ्याहून किंचित जास्त सोनं असेल, तर एकूण ३.२४ टन. आणि जाडी सरासरी २ मीटरच निघाली तर? निम्मं सोनं कागदावरच विरलं.

जमिनीखालचं मोजायला टेप नेता येत नाही. यंत्राने बोअर घेऊन मनगटाएवढ्या जाडीचे दगडाचे दंडगोल वर काढतात, प्रयोगशाळेत तपासतात आणि दोन बोअरमधली जागा तर्काने भरतात. त्यात सोनं खोडकर: एका नमुन्यात मोठा कण सापडावा, हातभर अंतरावरच्या दुसऱ्यात काहीच नसावं. दक्षिण आफ्रिकेच्या विटवॉटर्सरँड खाणींत डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये याच चकव्यावर संख्याशास्त्रीय तोडगा मांडला. फ्रान्सच्या जॉर्ज माथरों यांनी पुढे त्याचा सिद्धांत बांधला आणि पद्धतीला क्रिगिंग हे नाव पडलं. बोअर जितके जवळजवळ, तितका अंदाज पक्का. म्हणून साठे ‘अनुमानित’, ‘निर्देशित’ आणि ‘मापित’ अशा चढत्या पायऱ्यांवर मांडतात. बातमीत आकडा येतो, पायरी मात्र सहसा गळते.

पण नमुनाच खोटा असला तर? इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने ७ कोटी औंसांपर्यंतचा, म्हणजे दोन हजार टनांहून मोठा साठा असल्याचं सांगितलं होतं. शेअर गगनाला भिडले. एरवी दंडगोल उभा चिरून अर्धा तपासणीला देतात, अर्धा पुढच्या पडताळणीसाठी जपून ठेवतात. इथे बहुतेक सगळा दगड भरडून टाकलेला. १९९७ मध्ये फ्रीपोर्ट-मॅकमोरन कंपनीने जुन्या बोअरशेजारीच नवे बोअर घेतले, तेव्हा सोनं जवळपास सापडलंच नाही. आधीच्या नमुन्यांतले कण गोलसर, नदीत घासून गुळगुळीत झालेल्या सोन्यासारखे होते. ते भरडलेल्या दगडात नंतर मिसळलेले होते.